बटण्याची कंबर

माझ्याकडे बघून पोट आत ओढू नका. मी काही तुमचं माप घ्यायला आलेलो नाही. निवांत बसा, श्वास सोडा आणि ऐका. मी एका शिंप्याचा टेप आहे. अंगाने पिवळा, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. माझं निम्मं आयुष्य मास्तरांच्या गळ्यात गेलं आणि निम्मं लोकांच्या कमरेभोवती.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब कापडी पट्टीवर रंगाचा लेप चढला, त्यावर आकडे छापले गेले, मग आम्हा भावंडांना कापून वेगळं केलं आणि गुंडाळून एकेकाला डबीत बसवलं. दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस नुसता पडून होतो. एके सकाळी एक उंच, किडकिडीत माणूस आला. त्याच्या शर्टाला दोरे चिकटलेले होते.

"चांगल्यातला टेप द्या," तो म्हणाला. "जुन्याचे आकडे पुसलेत. आणि आज मला मुलगा झालाय, त्याचं पहिलं माप पुसक्या टेपने कशाला घेऊ?"

हे माझे मास्तर. त्यांनी मला गळ्यात घातलं ते आजतागायत. त्याच दिवशी त्यांनी मला त्या तान्ह्या जिवाच्या छातीभोवती गुंडाळलं. मी इतका उरलो की त्याच्याभोवती आणखी दोन वेढे सहज बसले असते. मास्तरांचा धाकटा भाऊ वाकून बघत होता. तो म्हणाला, "दादा, हा तर बटणाएवढा आहे रे!" झालं. शाळेच्या दाखल्यावर काय नाव घातलं ते मला ठाऊक नाही, पण घरी आणि दुकानात तो कायमचा बटण्या झाला.

आमचं दुकान लहानसं. एक आरसा, एक कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री, आणि शेजारी शेजारी दोन मशीन. एकावर मास्तर, दुसऱ्यावर काका, म्हणजे तोच धाकटा भाऊ. काका गुबगुबीत आणि भलता हसरा. मशीन चालवताना गुणगुणायचा, गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा. मास्तर शांत होते, पण त्यांच्याकडेही एक हुकमी विनोद होता, आणि तो धंद्याच्या कामाचा होता.

त्याचं असं आहे. मी कमरेला लागलो रे लागलो की माणूस पोट आत ओढतो. तरुण असो, म्हातारा असो, साहेब असो, हमाल असो, एकालाही मी अपवाद पाहिलेला नाही. तेवढ्यापुरतं सगळेच सडपातळ. त्या मापाने पँट शिवली तर ती माणूस श्वास सोडेपर्यंतच बसेल. म्हणून मास्तर मला सैलसर धरून गोष्ट सांगायचे. "एका लग्नाचे कपडे शिवले होते. घाईगर्दीत नवरदेवाची पँट सासऱ्याकडे गेली आणि सासऱ्याची नवरदेवाकडे. मी घाबरून निरोप धाडला, तर दोघांचंही उत्तर एकच. झकास बसली, मास्तर!" गिऱ्हाईक हसायचं, पोट आपल्या जागी यायचं, आणि मास्तर पटकन आकडा बघायचे. आकडा मोठ्याने कधी सांगायचे नाहीत. गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम.

आणखी एक रीत होती. कापड कापताना शिवणीच्या आत चार बोटं जास्तीचं सोडायचं. त्याला दाब म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर टाके उसवायचे, दाब मोकळा करायचा, पँट पुन्हा सैल. मास्तरांचा दाब सढळ असे. काकाची पँट तर ते दर थोड्या दिवसांनी आपणहून सैल करून द्यायचे. काका म्हणायचा, "दादा आहे तोवर मला कपड्यांची चिंता नाही."

बटण्या शाळेत जाऊ लागला त्या सुमाराची गोष्ट. एका दुपारी काका काज करता करता थांबला आणि छातीवर हात दाबून धरला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याने चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. लोक म्हणाले, हसता खेळता माणूस गेला, कधी आजारी म्हणून नव्हता. मास्तरांनी काकाच्या मशीनवर एक चादर टाकली. त्यावर हळूहळू बटणांचे डबे आले, मग अस्तराचे गठ्ठे आले, आणि मग तिथे मशीन आहे हे नव्या गिऱ्हाइकाला कळेनासं झालं.

मास्तर आणखी अबोल झाले. मुलावर त्यांचा फार जीव, पण तो तोंडाने सांगणं त्यांना जमत नसे. ते कपड्यातून सांगायचे. बटण्याच्या कॉलरला आतून मऊ कापड, खिसा खोल, शिवण अशी की हात फिरवला तरी कळू नये. "माझ्या मुलाला कपडा कधी टोचला नाही," हे ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. ते खरंही होतं.

बटण्या मोठा झाला, शिकला, आणि पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात लागला. काम काय, तर कानाला फोन आणि समोर पडदा. माझं पार्सल कुठे आहे, असं जगभरचे लोक त्याला विचारायचे, आणि तो खुर्चीतून न हलता सगळ्यांची पार्सलं हलवायचा. जायला यायला स्कूटर. टेबलावर गोड पेयाची बाटली, खणात बिस्किटांचा पुडा. कोणी ओरडलं की एक बिस्कीट, कोणी जास्त ओरडलं की दोन. घरी आल्यावर आई ताट वाढून तयार. "दिवसभर बोलून बोलून दमतोस रे," असं म्हणून ती आणखी वाढायची. स्वभावाने अगदी काकावर गेलेला, तोंडभर हसू आणि कोणाशी वाकडं नाही. कमरेनेही तो काकावरच चालला होता, पण हे कळलं होतं फक्त तिघांना. मास्तरांना, त्यांच्या कात्रीला आणि मला.

कारण बटण्याचे कपडे धुऊन इस्त्रीसाठी दुकानात यायचे. मास्तर ते उलटे करायचे, कमरेच्या मागची शिवण उसवायचे, थोडा दाब सोडायचे, नवी टीप मारायचे आणि कडक इस्त्री करून घरी पाठवायचे. त्याची एक राखाडी पँट होती, कॉलेजात असताना शिवलेली. तिचा दाब कधीच संपला. मग मास्तरांनी त्याच रंगाच्या कापडाची एक पाचर मागे बसवली, इतकी बेमालूम की मलाही वरून फिरल्याशिवाय ओळखता येईना. बटण्या मित्रांना सांगायचा, "कॉलेजची पँट अजून होते मला. आहात कुठे!"

मास्तर हे मायेनेच करत होते. पोराला सकाळी बटण लावताना त्रास होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात.

मागल्या वर्षी मास्तरांना मशीनवर बसलं की अंधुक दिसायला आणि डोकं दुखायला लागलं. बायको मागे लागली, "अहो, दाखवून या एकदा." मास्तर आज जातो, उद्या जातो करत राहिले. काकाला ज्या दवाखान्यात नेलं होतं, तिथली पायरी त्यांना चढवत नव्हती. शेवटी बटण्याने सुट्टी काढली आणि त्यांना स्कूटरवर बसवून नेलं. मी अर्थातच बरोबर होतो. मला गळ्यातून काढायचं मास्तरांच्या लक्षातच राहत नाही. लग्नकार्यालाही मी जाऊन आलोय.

तिथल्या नर्सबाई चटपटीत होत्या. रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन म्हणाल्या, "मास्तर, बाही वर करा."

"दंडाचं माप मी घेतो लोकांचं. माझं कशाला?" मास्तर हात मागे घेत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

बटण्या हसला. "बाबा, काही होत नाही हो. सिस्टर, आधी मला बांधा, म्हणजे यांची भीती जाईल."

नर्सबाईंनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "जरा शांत बसा पाच मिनिटं," आणि तोवर मास्तरांचा रक्तदाब बघितला. मास्तरांचा ठणठणीत निघाला. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, बाकी काही नाही. बटण्याचा मात्र तिसऱ्यांदा बघितला तरी खाली येईना.

"कंबर बघू," नर्सबाई म्हणाल्या आणि टेबलावर शोधू लागल्या. "आमचा टेप कुठे गेला कोण जाणे. मास्तर, तो गळ्यातला द्या की जरा."

अशा रीतीने मी वैद्यकीय सेवेत दाखल झालो. नर्सबाईंनी मला बटण्याच्या पोटाभोवती घातलं, बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, बेंबीजवळ. मी दचकलोच. इतक्या वर्षांत या जागी मी कधी गेलोच नव्हतो.

"अहो बाई, कंबर इथे नसते," मास्तर न राहवून बोलले. "पँट पोटाच्या खाली बसते. माप तिथलं घ्यायचं."

"मला पँट शिवायची नाहीये मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "मला पोट बघायचंय. हं, श्वास सोडा." बटण्याने आत ओढलेलं पोट सोडलं. नर्सबाईंनी मला उलटं करून माझी सेंटिमीटरची बाजू वाचली. ती बाजू मास्तरांनी जन्मात वापरली नव्हती. आकडा शंभराच्या पुढे होता.

"शक्यच नाही!" बटण्या म्हणाला. "ही पँट कॉलेजातली आहे सिस्टर. कंबर वाढली असती तर ही मला झाली असती का?"

नर्सबाईंनी पँटकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

बटण्याने उपाशीपोटी रक्त तपासायला दिलं, आणि दोन दिवसांनी बापलेक डॉक्टरीणबाईंसमोर बसले. त्या तरुण होत्या, बटण्याहून फार मोठ्या नसतील. कागद बाजूला ठेवून त्या साध्या शब्दांत बोलल्या. "साखर काठावर आहे. मधुमेह नाही, पण दाराशी आलाय. रक्तातली एक चरबी जास्त आहे, चांगली चरबी कमी आहे, रक्तदाब वर आहे आणि पोट वाढलंय. आपल्यासारख्या बांध्याच्या पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी. एकेक बघितलं तर कोणीही म्हणेल, थोडंसं तर आहे. पण ही पाच मंडळी आहेत, आणि यातली तीन जरी एकत्र जमली तरी आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुमच्याकडे पाचही जमलीत. ती मिळून हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर खराब करतात."

"पण मला तर काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही," बटण्या म्हणाला.

"तीच तर पंचाईत आहे. दुखत नाही म्हणून तुमच्या वयाची मुलं येतच नाहीत. घरात कोणाला कमी वयात हृदयाचा त्रास?"

बटण्या नाही म्हणणार तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला. "माझा धाकटा भाऊ. बाई, तो पण असाच होता. असाच हसरा." त्यांनी मला गळ्याशी मुठीत घट्ट धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मास्तर, तेव्हा कोणी आधी बघितलं नव्हतं. आता आपण वेळेत बघितलंय. चालणं, झोप, गोड पेयं बंद, ताटात फेरबदल. सध्या गोळी नको. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. पण मनावर घ्यायला हवं."

बाहेर आल्यावर बटण्या स्कूटरला किल्ली लावत म्हणाला, "उगाच घाबरवतात हो. टेपच चुकला असेल. पँट बघा ना, तीच आहे." म्हणजे पोराने मनावर घेतलं नव्हतंच. घेणार कसं? त्याच्या कमरेला पुरावा होता, आणि तो पुरावा मास्तरांनी स्वतः शिवलेला होता.

मास्तर म्हणाले, "दुकानात चल."

दुकानात बटण्याची आई डबा घेऊन आलेलीच होती. मास्तरांनी मुलाला लुंगी दिली आणि पँट उतरवायला लावली. ती टेबलावर उलटी पसरली आणि कमरेची मागची शिवण उजेडाकडे धरली. जुन्या टाक्यांच्या छिद्रांच्या ओळी एकामागे एक दिसत होत्या, आणि शेवटी ती पाचर.

"हे काय आहे?" बटण्याने विचारलं.

"ही पहिल्यांदा उसवली, तू नोकरीला लागलास तेव्हा," मास्तर म्हणाले. "ही त्यानंतर. ही त्याच्याही नंतर. मग कापडच उरलं नाही, तेव्हा हा तुकडा लावला. टेप चुकला नाही रे. मीच तुला कळू दिलं नाही."

बटण्याने त्या छिद्रांवरून बोट फिरवलं. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं मी पाहिलं. "बाबा, एकदा तरी सांगायचं होतंत. घट्ट झाली असती तर मला कळलं असतं ना!"

"तुला घट्ट होऊ नये म्हणूनच तर..." मास्तरांनी शिवण हातातून सोडली. "त्याच्याही पँटी मीच सोडायचो. तुझ्या काकाच्या." आणि एवढी वर्षं कोणासमोर न रडलेला माणूस कापायच्या टेबलावर डोकं टेकून रडला.

आई पुढे झाली. "तुम्ही सोडत होता आणि मी भरत होते," ती डोळे पुसत म्हणाली. "दोघं मिळून पोराची बरोबर वाट लावत होतो." त्यावर बटण्याला हसू फुटलं, मग मास्तरांनाही, आणि रडता रडता तिघंही हसू लागले. त्या दिवशी मला हायसं वाटलं. तोंड नसलेल्याला गुपित सांभाळणं सोपं असतं असं लोकांना वाटतं, पण तसं नाही.

"आता एक करा," बटण्या म्हणाला. "ती पाचर काढून टाका."

मास्तरांनी पाचर काढली. पँट बटण्याला वर चढेना. ती त्यांनी आरशाशेजारी खुंटीला लावली, येता जाता दिसावी म्हणून.

मग काय, स्कूटर आईकडे गेली. ती मजेत चालवायला शिकली, आणि बटण्या चालत ऑफिसला जाऊ लागला. येताना दुकानावरून, मग बापलेक मिळून चालत घरी. टेबलावरच्या बाटलीत पाणी आलं. फोनवर कोणी ओरडलं की तो बिस्किटाऐवजी उभा राहून बोलायचा. ताटात भाज्या वाढल्या, आणि आईने आग्रह करणं सोडलं. हे तिला सगळ्यात जड गेलं. वाढून झालं की ती हात मागे बांधून बसायची.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एक महिना पाऊल पुढे, तर एक महिना मागे. ऑफिसात कोणाचा वाढदिवस आला की गडी पाघळायचा. मास्तर दर महिन्याला दुकानात त्याचं माप घ्यायचे. एकदा तो मापाला उभा राहिला आणि मी बेंबीवरून फिरलो, तर आकडा बघता बघता खाली. बटण्याचा चेहरा साळसूद. मास्तरांनी मला सैलसर धरलं आणि म्हणाले, "एका लग्नाचे कपडे शिवले होते..."

"बाबा, ती गोष्ट नको!" बटण्या ओरडला, पण त्याचे ओठ आधीच हसू लागले होते. तो खो खो हसला आणि आत ओढलेलं सगळं पोट बाहेर आलं. मास्तर आकडा बघून एवढंच म्हणाले, "चला, उद्यापासून लांबच्या रस्त्याने."

तीन महिन्यांनी रक्तदाब उतरला होता. त्यानंतरच्या खेपेला साखर दारापासून मागे सरली, चरबीही शहाण्यासारखी वागू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाचांतली दोनच उरलीत. सोडू नका." नर्सबाईंनी त्यांच्या नव्या टेपने माप घेतलं आणि वर मला डोळा मारला. निदान मला तरी तसं वाटलं.

खुंटीवरची राखाडी पँट गेल्या आठवड्यात खाली उतरली. बटण्याला ती नुसती झाली नाही, कमरेला किंचित ढिली झाली. मास्तर टाका घालायला निघाले, तर तो म्हणाला, "थांबा, मी घालतो."

त्याने काकाच्या मशीनवरचे गठ्ठे उचलले, डबे खाली ठेवले आणि चादर काढली. मास्तरांनी तेलाची कुपी आणली, चाकात थेंब सोडले, पट्टा चढवला. मशीन आधी कुरकुरलं, मग चालू लागलं. बटण्याची टीप वाकडीतिकडी आली. मास्तरांनी आयुष्यात वाकडी टीप दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती, पण ही त्यांनी हात फिरवून बघितली आणि म्हणाले, "झकास बसली."

मग नव्या पँटचं कापड टेबलावर आलं. खडूने रेघ मारताना मास्तरांचा हात अडला. "दाब ठेवू का?"

"ठेवा की," बटण्या म्हणाला. "फक्त उसवायच्या आधी मला सांगा."

मी आता म्हातारा झालोय. माझे सुरुवातीचे आकडे पुसलेत, मधे मी थोडा ताणलाही गेलोय, आणि धंद्याच्या मापाला मास्तरांनी नवा टेप घेतलाय. गळ्यात मात्र अजून मीच असतो. नव्याला टेबलावर ठेवतात. बटण्याला जपा, एवढंच मागणं मी तुमच्याकडे करणार होतो, पण ते काम आता तो स्वतःच करतो. तेव्हा तुम्ही स्वतःचं बघा. घरातला कुठलाही टेप घ्या, पँटच्या पट्ट्याखाली नको, बेंबीजवळ लावा, आणि श्वास सोडा. मी बघत नाहीये.

अरे हो, परवाची गंमत राहिलीच. बटण्याने मास्तरांच्या गळ्यातून मला अलगद काढलं आणि म्हणाला, "बाबा, उभे राहा. तुमचं माप आजवर कोणी घेतलंय?"

मास्तर उभे राहिले. हजारो लोकांच्या कमरा पाहिलेला तो माणूस. मी त्यांच्या बेंबीला टेकलो, आणि त्यांनी पोट आत ओढलं.

बटण्याने मला सैलसर धरलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "एका लग्नाचे कपडे शिवले होते..."

मास्तर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. दुकानाचा नियम आहे.